तोंडाचे तीन आकार

सात वर्षांची असताना तापात आत्याचे कान गेले. तेव्हापासून ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखते, आणि कधी चुकत नाही.

त्या दुपारी येडशीच्या घरात आम्ही दोघीच होतो. मी ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या, एका मुलीचे क्लोजअप कापून तिचे ओठ गाण्याच्या शब्दांवर बसवत होते. आत्या शेजारी बसून लॅपटॉपकडं टक लावून बघत होती.

"आरोही, तुझं नाव घेतीया की गं ही!"

मला हसूच आलं. ॲनिमेतल्या तोंडाला जेमतेम तीन आकार असतात: मिटलेलं, अर्धं, उघडं. त्यातून कुणी काय वाचणार, कप्पाळ?

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"आरोही, दार उघड." अण्णांचा, माझ्या वडिलांचा आवाज. जवळच्या वाशीच्या आठवडी बाजारातून आज लवकर आले होते वाटतं. मी उठले.

आत्यानं माझं मनगट गच्च धरलं. तिची दाराकडं पाठ होती, नजर स्क्रीनवर. थाप तिला ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"उघडू नगं म्हणतीया ही," आत्या पुटपुटली. "त्यो अण्णा न्हाय."