मसूरिका निरंक

“यापुढे रोगाला ‘देवी’ म्हणायचं नाही, ‘मसूरिका’ म्हणायचं,” खर्डा गावात शिरतानाच नगरच्या आरोग्य खात्याच्या साहेबांनी बजावलं.

“लोकांना कळत न्हाई सायेब. कितींदा कळवलं हापिसाला!” लस टोचणारे रंभाजी वैतागले.

“देवी म्हटलं की लोक नैवेद्य दाखवतात, टोचून घेत नाहीत.”

राहीबाईच्या दाराला देवी आल्याची खूण म्हणून कडुलिंबाचा डहाळा बांधलेला होता. साहेबांनी स्वतःच विचारलं, “घरात मसूरिका आहे?”

“न्हाई बा,” राहीबाई गोंधळून म्हणाली. रंभाजींनी तोंड उघडलं, तर साहेबांनी डोळे वटारले.

गावभर हेच उत्तर मिळालं. इथं रोगच नाही म्हणत साहेब लसीची पेटी जीपमध्ये घालून खुशीत परतले.

धुरळा बसायच्या आत राहीबाईनं मागं राहिलेल्या रंभाजींना हाक मारली, “देवीडॉक्टर, नातवाला देवी आल्यात. बाकीच्या पोरास्नी तरी टोचा की!”