पाहुण्यांचा संडास

आमच्या मिशन शाळेत मुलींच्या संडासात पाऊल टाकलं की मळमळतं. म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. शेजारचा टाइल्सचा स्वच्छ संडास पाहुण्यांसाठी राखलेला. त्याला कायम कुलूप.

काल यवतमाळहून पाहुणे आले. मुख्याध्यापक शांतवन सरांनी त्यांच्यासमोर जाहीर केलं, "हा संडास आजपासून मुलींचा." टाळ्या झाल्या, फोटो निघाले. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि सरांनी पुन्हा कुलूप लावलं.

आज परिपाठात तेच सर 'देव विश्वासू आहे, तो दिलेला शब्द मोडत नाही' यावर भरभरून बोलले. ऐकताना मला त्या घाणेरड्या संडासापेक्षाही जास्त किळस आली.

माझ्या शेजारी सहावीतली ममता पोट धरून उभी होती. तांड्यावरून चालत येते पोर.

"टीचर, मले जायचं आहे. कुलूप काहून लावलं जी?"

"सरांना विचार ना."

"मारतीन ते."

"मग देवाला सांग. आज प्रार्थना तुलाच म्हणायची आहे."

ती पुढे गेली. सगळ्यांनी डोळे मिटले, सरांनीही.

"हे प्रभू, तू शब्द पाळतो. आमचे सर पाहुणे असले तरच पाळते. म्हणून पाहुण्यांले रोज पाठव, आन् त्यायले लवकर जाऊ देऊ नको. आमेन."



पाठोपाठ, डोळे मिटूनच, सवयीनं सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' म्हणाले ते शांतवन सर.