चाकाखालचा दगड

मुलाकडचे मला प्रकाशा गावच्या देवळात पाहणार होते. मी पसंत पडले की शाळा बंद, असं आप्पांनी बजावलं होतं. पण आमची जुनी मोटार जागची हलेना. ड्रायव्हर बशीरचाचा चिखलाने माखून गाडीखालून निघाले. “हातब्रेक चिकटी गया, आप्पा. ओल्यामा कोनी ओढा? मी तं पावसाळाभर चाकले दगडच लावस.” “मंग दगड कोठे शे?” म्हणत आप्पांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. परवाच स्टिअरिंगवर बसून मिरवणारी मीच ना. मला संशय चाचांचा. पोरीस्नी शिकाले पाहिजे, असं सारखे तेच म्हणतात. चाचा मात्र माझ्याकडेच रोखून बघत होते. पाणी प्यायला मी स्वयंपाकघरात गेले. दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर तोच दगड होता, टायरच्या काळ्या डागासकट. “मांजर दूध पी जास,” माय भाकरी थापत म्हणाली. “लुगडं बदल, आनि गणितं कराले बठ.”