न घासलेली माळ

योगेंद्रने भिंग डोळ्याला लावलं आणि रुपयावरच्या इंग्रज राजाच्या झग्यात दडलेला हत्ती शोधला. तिळाएवढा हत्ती. नाणं वापरात असलं की आधी हत्तीची सोंड झिजते. ही सोंड शाबूत होती. योगेंद्रने माळेतला दुसरा रुपया पाहिला, मग तिसरा. सगळे हत्ती सोंडेसकट उभे होते.

"नागपूरलाही असा माल पाहायला मिळत नाही," तो म्हणाला.

हे वाक्य ऐकण्यासाठीच टिकारामांनी या नाण्यांच्या पारख्याला गाडीभाडं देऊन पवनीला बोलावलं होतं.

पवनीत जुन्या चांदीच्या रुपयांचा दर्जा ठरवण्याचं काम टिकारामांनी स्वतःकडे घेतलं होतं. त्यांना ते कोणी दिलं नव्हतं. पिढीजात लुगड्यांचा धंदा मुलावर सोपवल्यापासून त्यांच्याकडे वेळ होता आणि एक भिंग होतं. लोक आजीच्या गाठोड्यातला रुपया घेऊन यायचे. टिकाराम तो दोन बोटांत धरायचे आणि "घासलेला आहे" म्हणून परत करायचे. ते अशा चेहऱ्याने सांगायचे, की चूक आजीचीच आहे असं वाटावं. शेजारच्या पार्वताबाईंनी दिवाळीत लक्ष्मीपूजनाचा रुपया चिंचेने लखलखीत करून दाखवायला आणला, तेव्हा तर त्यांनी तो हातातही घेतला नाही. नाणं चिंचेनं धुणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, असं ते नंतर बायकोला म्हणाले.

ही माळ मात्र त्यांच्या घरची होती. वडिलांच्या, लक्ष्मणरावांच्या, लोखंडी पेटीच्या तळाशी मांजरपाटात गुंडाळलेली सापडली होती. सोनारही हुशार असावा. एकाही रुपयाला जोडाचा डाग दिलेला नव्हता, पातळ चांदीच्या कड्यांत ते नुसते बसवलेले होते. सापडल्यापासून टिकारामांनी माळेला कोणाला हात लावू दिला नव्हता. बायको रेणूने एकदा नुसतं विचारलं, की गळ्यात घालून पाहू का. त्यावर तिला बोटांच्या घामावर एक व्याख्यान ऐकावं लागलं.

आता योगेंद्र दर्जाचा दाखला देणार होता. मग माळ प्लास्टिकच्या डबीत कायमची बंद होऊन भंडाऱ्याच्या प्रदर्शनात मांडली जाणार होती. दाखल्यासोबत माळेचा थोडा इतिहास असला तर चांगलं, असं योगेंद्र म्हणाला. इतकी वर्षं ही अशी राहिली कशी?

टिकाराम सावरून बसले. वडिलांचा विषय निघाला की ते सावरूनच बसत. लक्ष्मणरावांची शिस्त, लक्ष्मणरावांचे संस्कार, आलेली वस्तू जपण्याची या घराण्याची रीत, असं सगळं त्यांनी सविस्तर सांगितलं. योगेंद्र मान डोलावत राहिला.

"आमच्या बाबानं या माळेले कोनाले हात लावू नाही देला," टिकाराम म्हणाले.

दाराशी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसलेल्या कौशल्याबाईंचा हात थांबला. त्या टिकारामांच्या आत्या. वय ऐंशीच्या घरात. या घरात त्या इतकी वर्षं कांड्या भरत होत्या, की चरख्याचा आवाज थांबेपर्यंत त्या तिथे आहेत हे कोणाच्या ध्यानात येत नसे.

"ते माळ माह्या लग्नातली होय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. आवाज चढवला नाही. लग्न झालं आणि अंगची हळद निघायच्या आधी नवरा तापाने गेला. भावाने त्यांना परत आणलं. त्याच दिवशी गळ्यातून माळ काढली आणि पेटीत ठेवली. त्यांच्यात विधवेचा पाट लागत होता. लाखांदूरकडचं एक स्थळ चालूनही आलं होतं. चांगला माणूस होता. पण पाट लावला तर घराण्याचा दर्जा खाली येईल, असं लक्ष्मणरावांना वाटलं. त्यांनी माळ जपली, तशी बहीणही जपली.

योगेंद्र प्रामाणिक माणूस होता. त्याला यातलं कामाचं तेवढं कळलं.

"म्हणजे वापरलेलीच नाही," तो आनंदाने म्हणाला.

टिकारामांनी घसा साफ केला. डबीवर आत्याचं नावही छापून घेऊ, असं त्यांनी सुचवलं. त्यांच्या मते हे फार मोठं मन होतं.

कौशल्याबाई उठल्या. त्यांच्या हाताला सुताची कांजी लागलेली होती. त्याच हातांनी त्यांनी मखमलीवरची माळ उचलली. उघडा हात लावू नका, असं योगेंद्रने घाईने सांगितलं. टिकारामांनी आत्याला समजावलं, की नाणं एकदा घासलं की घासलं. दर्जा एकदा खाली आला की तो जन्मात वर जात नाही.

"दर्जा तुह्या बापानं लय सांभाळला," कौशल्याबाई म्हणाल्या. "आता मले माळ घालू दे."

मागचा आकडा त्यांना लावता येईना. रेणू स्वयंपाकघराच्या दारातून आली, नवऱ्याकडे न बघता आत्तेसासूच्या मागे उभी राहिली आणि आकडा लावून दिला.

कौशल्याबाई ओटा उतरल्या आणि भर दुपारी बाजाराच्या रस्त्याला लागल्या. प्रत्येक पावलागणिक रुपये एकमेकांवर घासत होते, आणि लग्नाच्या मांडवानंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज होत होता.