वरचे सूर

"आवाज आला की बटण दाबायचं, मास्तर. अगदी बारीक आला तरी."

काचेपलीकडच्या बंद खोलीत, कानांवर हेडफोन लावून बसलेल्या मास्तरांनी मान हलवली. कान तपासणाऱ्या तिला त्यांनी दारातच ओळखलं होतं. परत फिरायला बघत होते, पण बायकोनं दंड धरून आत आणलं.

तिनं खालचे सूर सोडले. बटण दाबलं गेलं. मधले सोडले. दाबलं गेलं. वरचे सोडले. मास्तर शांत बसून राहिले. तिनं आवाज वाढवला, अजून वाढवला. मास्तर भिंतीकडे बघत होते.

अठरा वर्षांपूर्वी याच माणसानं भर तालमीत अख्खा जॅझ बँड थांबवला होता. "वरचा सूर फुंकतेस की नुसती हवा? काही ऐकूच येत नाही!" तिनं पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवलं. मग मास्तरांनी तिला क्लॅरिनेट पेटीत भरायला लावलं. तिचे वरचे सूर गेले, ही बातमी गावभर झाली. कुठलाही बँड तिला उभं करेना. म्हणून ती लोकांचे कान तपासायला शिकली. आता दिवसभर दवाखाना आणि रविवारी दुपारी एका हॉटेलात तिघांबरोबर क्लॅरिनेट, असं तिचं चाललं होतं. मास्तर कधी तावडीत सापडले तर काय काय सुनवायचं, हे मात्र तिचं तोंडपाठ होतं.

आणि आता समोरच्या आलेखातली रेघ उजवीकडे, वरच्या सुरांपाशी, धाडकन खाली गेली होती.

म्हणजे तेव्हाही त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं! तिचा राग गळून गेला. बिचाऱ्यानं जे ऐकलं, तेच बोलला. तिनं स्वतः उठून मास्तरांना बाहेर आणलं, पाणी दिलं.

"जुने कागद आहेत का काही?" तिनं सहज विचारलं.

बायकोनं पिशवीतून फाईल काढली. मास्तर "राहू दे ते" म्हणेपर्यंत ती तिच्या हातात आली होती. सगळ्यात तळाशी एक पिवळा पडलेला रिपोर्ट होता. रेघ हुबेहूब तशीच. तारीख त्या तालमीच्या आठवडाभर आधीची.

तिनं तो कागद त्यांच्यासमोर धरला.

"बँडमध्ये तुझाच कान तेवढा तिखट होता," मास्तर म्हणाले. "माझे कान गेलेत हे तुला कळलंच असतं. मग मला घरी बसावं लागलं असतं."

"म्हणून मला बसवलंत."

मास्तरांनी मान खाली घातली. बायको एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. बायकोला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"मॅडम, कानाचं यंत्र आजच बसेल ना?" तिनं चाचरत विचारलं. "परवा ह्यांचा सत्कार आहे. ह्यांची ती गाजलेली रेकॉर्ड भर सभागृहात लावणार आहेत. क्लॅरिनेट माझ्या भावानं वाजवलंय त्यात. आधीची क्लॅरिनेटवाली गेली, म्हणून ह्यांनी ऐन वेळी उभं केलं हो त्याला."

ती रेकॉर्ड क्लॅरिनेटवालीनं ऐकली होती. मास्तरांचा मेहुणा वरच्या सुरांत जागोजागी घसरला होता. वाजवणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, पण मास्तरांना तोंडावर सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. तिला सुनवायचं होतं ते सगळं तिनं गिळलं.

कपाटातलं सगळ्यात चांगलं यंत्र तिनं काढलं. तासभर खपून वरचा एकेक सूर लखलखीत करून दिला. मास्तरांना कागदाची सळसळ ऐकू आली, बायकोच्या बांगड्या ऐकू आल्या. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले.

"एवढं झाल्यावरही तू माझ्यासाठी हे केलंस?"

"परवा पहिल्या रांगेत बसा, मास्तर," ती म्हणाली. "आणि काही झालं तरी यंत्र काढू नका."