पहिल्या रांगेतली खुर्ची

सेवा क्लबाच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी निवृत्त मोजणीदार गावाच्या इतिहासावर बोलायचे. श्रोते जेमतेम दहा-बारा, तेही पहिल्या पाच मिनिटांत पेंगायला लागायचे. फक्त पहिल्या रांगेतल्या मावशी पडद्यावरच्या जुन्या फोटोंवर डोळे लावून ताठ बसलेल्या असायच्या. चार वर्षांत त्यांचा एक शनिवार चुकला नाही. त्यांच्याकडे बघून मोजणीदारांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग क्लबाने मोफत श्रवणयंत्रांचं शिबिर घेतलं आणि तिथल्या रांगेत मावशी दिसल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "यांना गेली सहा वर्षं धड काही ऐकू येत नव्हतं."

मोजणीदारांचा चेहरा उतरला. मावशींच्या कानात यंत्र बसल्यावर त्यांनी विचारलं, "मग तुम्ही येत कशाला होतात?"

"पहिल्या वेळी तुम्ही बाजाराचा फोटो दाखवलात. त्यात कोपऱ्यात आमचे हे छत्री दुरुस्त करत बसलेत. घरात त्यांचा एकही फोटो नाही. मागायचा संकोच वाटला. म्हटलं, परत कधी तरी दाखवाल."

फोटोची प्रत मोजणीदारांनी त्याच संध्याकाळी घरी नेऊन दिली. आता ती खुर्ची रिकामी राहणार, असं ते धरूनच चालले होते. पण शनिवारी मावशी जागेवर हजर.

"फोटो मिळाला," त्या म्हणाल्या. "आता चार वर्षं काय काय सांगितलंत, ते ऐकायचंय."

मोजणीदारांनी अठ्ठेचाळीस व्याख्यानं पहिल्यापासून सुरू केली. बाकी कोणीच हरकत घेतली नाही. त्यांनाही ती नवीनच होती.