प्रत्यक्ष प्रवास करून

निरीक्षकसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं, तेव्हा कपात चहा अजून अर्धा होता. तळमजल्यावर, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या बैठकीच्या खोलीत, पंख्याखाली बसून ते सहाव्या मजल्यापर्यंत जाणाऱ्या लिफ्टची वार्षिक तपासणी करत होते.

“झालंच,” सेक्रेटरी म्हणाला. “इथे सही केलीत की सुटलात.”

“साहेब, एक मिनिट.”

सेक्रेटरीने डोळे मिटून घेतले. दारात तक्रारकाकू उभ्या होत्या. हे नाव त्यांना इमारतीने दिलं होतं आणि त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं होतं.

“त्या कागदावर छापलंय, ‘प्रत्यक्ष प्रवास करून तपासले’. प्रवास कधी केलात?”

“काकू, दरवर्षी असंच होतं,” सेक्रेटरी म्हणाला.

“म्हणून तर आले. मागच्या सगळ्या अहवालांच्या नकला मी साहेबांच्या कार्यालयातून रीतसर मागवून घेतल्यात. त्या नकला मंत्र्यांकडे धाडू, की आपण लिफ्टने एक चक्कर मारू या?”

साहेबांनी टोपण परत लावलं.

काकूंना ही सही काहीही करून थांबवायची होती. लिफ्ट धक्के देत होती, मजला सोडून भलतीकडेच थांबत होती. देखभालीचे पैसे दर महिन्याला प्रत्येक घरातून न चुकता जात होते आणि ते जिथे जात होते तो कंत्राटदार सेक्रेटरीचा मेहुणा होता. वर सहाव्या मजल्यावर काकूंची सून होती, दिवस भरत आलेली. ‘तिला तिच्या आईकडे ठेवू, तिथं तळमजला आहे,’ असं काकू रोज म्हणत. मुलगा रोज एकच उत्तर देई. “आई, लिफ्टवर सरकारी शिक्का आहे. तुला सरकारपेक्षा जास्त कळतं का?”

अडचण एकच होती. साहेबलोक आले की ही लिफ्ट पाहुण्यांसमोरच्या कार्ट्यासारखी एकदम शहाणी होई. म्हणून काकूंनी सत्याला थोडा हातभार लावायचं ठरवलं होतं. सकाळीच त्यांनी नवऱ्याला जिन्याखालचं लिफ्टचं मुख्य बटण दाखवलं होतं.

“चौथ्या मजल्याचा दिवा लागला की बंद करायचं. माझा मिस कॉल आला की चालू. जमेल?”

“त्यात काय एवढं?” काका म्हणाले होते. हे ते लग्नापासून म्हणत आले होते.

लिफ्टच्या दाराशी साहेब सेक्रेटरीला म्हणाले, “चला की तुम्हीपण.”

“तुम्ही व्हा पुढे. मला डॉक्टरांनी जिनाच सांगितलाय.”

दार लागलं. पहिला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

“बघा, कशी लोण्यासारखी चाललीय,” साहेब म्हणाले. “उगाच लोक...”

चौथ्याचा दिवा लागला आणि लिफ्ट खाडकन थांबली.

काकूंनी मनातल्या मनात नवऱ्याची पाठ थोपटली. आतला दिवासुद्धा त्याने चालू ठेवला होता. माणूस अगदीच वाया गेलेला नव्हता.

“होतं असं कधीकधी,” साहेब म्हणाले आणि त्यांनी होती नव्हती तेवढी सगळी बटणं दाबून पाहिली.

“होतं ना. मी दुसरं काय म्हणतेय?”

वरून करकर आवाज आला. मग टण् असं काहीतरी वाजलं. साहेबांनी मान वर केली ती तशीच राहिली.

“काय हो ते?” काकूंनी विचारलं.

“काही नाही.”

एवढ्यात लिफ्ट हातभर खाली आली. साहेबांनी काकूंचा दंड घट्ट धरला. काकूंना नवऱ्याचा जरा रागच आला. बटणाशी खेळत बसायला कुणी सांगितलं होतं?

“तुम्हाला भीती कशी वाटत नाही?” साहेब कुजबुजले.

“कशाची भीती? तुमचा शिक्का आहे ना! तो बघा, आरशाखालीच चिकटवलाय.”

“बाई, तो शिक्का... हलू नका. दोराच्या तारा सुटतायत. एकेक सुटतेय. मला आवाज कळतो.”

“मग तसं लिहा.”

“आत्ता?”

“मला कसलीही घाई नाही,” काकू म्हणाल्या आणि आरशात बघून केस सारखे करू लागल्या.

वर पुन्हा टण् झालं. साहेबांनी कागद काढला. भिंतीला टेकवायची छाती होईना, म्हणून तळहातावर धरूनच लिहिलं. ‘अत्यंत धोकादायक. वापर तात्काळ बंद. दोर बदलल्याशिवाय चालू करू नये.’ खाली सही केली आणि बॅगेतून शिक्का काढून मारला. तो उलटा उमटला. काकूंनी पुन्हा मारायला लावला.

मग त्यांनी मिस कॉल दिला. काही झालं नाही. पेंगला असेल, म्हणून आणखी एक दिला. लिफ्टने हिसका दिला, कुरकुरत खाली सरकली आणि तिसऱ्या मजल्याच्या जरा खाली येऊन टेकली. साहेबांनी दोन्ही हातांनी दार उघडलं, बाहेर उडी मारली, कागद काकूंच्या हातात कोंबला आणि मागे वळून न बघता जिना उतरून गेले. काकू सावकाश चढून बाहेर आल्या. मागे लिफ्ट आणखी वीतभर खाली बसली.

कागद त्यांनी दोनदा वाचला. आज मुलाला तो मोठ्याने वाचून दाखवायचा आणि संध्याकाळच्या आत सुनेला हळूहळू जिन्याने उतरवून तिच्या आईकडे पोचवायचं. नवऱ्याला काय गोडधोड करून घालावं, याचाही त्या विचार करू लागल्या.

तेवढ्यात काका धापा टाकत जिना चढून आले.

“साहेब तडातडा गेले अगदी! चिडले का गं? माझंच चुकलं. तू मिस कॉलवर मिस कॉल देतेयस आणि मी आपला खाली तळमळतोय. तुम्ही वर गेल्यापासून तो सेक्रेटरी त्या बटणासमोर खुर्ची टाकून बसलाय, मला हातसुद्धा लावता आला नाही.”